बजेट स्ट्रीमरला वेगळा डॅक लावून खरंच फरक पडतो का? (ठाणे / नवी मुंबईवाले बोला)

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गेल्या दिवाळीत एक म्युझिक स्ट्रीमर घेतला, दहा हजारांच्या आतला, इंटरनेटवरची गाणी ॲम्पवर वाजवणारी, तळहातावर मावेल एवढी डबी. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादाला हाणामारी सुरू होईल. डबीतून हेडफोनची पिन टाइप वायर निघते, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी पिन, ती बाबांच्या जुन्या स्टिरिओ ॲम्पला. पुढे बुकशेल्फ स्पीकर. टीव्हीचा आवाजपण त्याच ॲम्पवर घेतलाय.

तर परवा स्टेशनजवळच्या एका दुकानात वायर आणायला गेलो, दुकानदार म्हणाला साहेब वायर कसली घेताय, डॅक लावा (म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणारी पेटी), आवाजावरचा पडदा निघेल. आणि लावून दाखवला तर खरंच पडदा निघाल्यासारखं वाटलं हो! किंमत चौदा हजार. म्हणजे डबीपेक्षा डबीचं टोपण महाग. घरी विषय काढला तर उत्तर आलं, आधी गीझर बदला.

घरी मला तीन त्रास आहेत. एक, आवाज चोंदल्यासारखा येतो. दोन, डग्गा घुमतो, घुमतो म्हणजे बोल संपला तरी खोलीत रेंगाळत राहतो. तीन, रात्री सगळं शांत झालं की मागे बारीक हंऽऽऽ चालू असतं. चौदा हजारात हे तिन्ही जाणार असतील तर गीझर थांबू शकतो.

तारांबळ
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणायला गेलोय.

नेरूळचा_निषाद
कोलशेतकर, स्वागत. पहिली गोष्ट, डॅक तुमच्याकडे आहेच. डबीतून वायरने गाणं बाहेर येतंय याचा अर्थच आत डॅक बसलाय, आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप, त्याशिवाय त्या पिनेतून काही निघणारच नाही. तेव्हा प्रश्न डॅक लावू का हा नाहीये, आहे त्या डॅकपेक्षा बाहेरचा चांगला असला तर तो तुमच्या खोलीत ऐकू येईल का, हा आहे.

आता हिशोब बघा. सीडी म्हणजे १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. त्यात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक आवाज यातलं अंतर साधारण ९६ डेसिबल. तुमच्या खोलीत रात्री पंखा चालू असताना मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप उघडा, ३५-४० च्या खाली काटा जाणार नाही, आणि घोडबंदर रोडच्या बाजूला खिडकी असेल तर विसराच. म्हणजे त्या ९६ मधला तळ ऐकायचा तर वरचा आवाज १३० च्या घरात न्यावा लागेल. सोसायटी नोटीस पाठवायच्या आधी कान जातील. बरीशी स्वस्त डबीसुद्धा तुमच्या पंख्यापेक्षा शांत असते, एवढंच लक्षात ठेवा.

डग्गा घुमणं हा डॅकचा रोगच नाही, तो खोलीचा आहे. खोलीचं माप आणि स्पीकर कुठे ठेवलेत ते सांगा.

खर्जातला_षड्ज
निषादराव, तुमचे आकडे तुमच्यापाशी. मी १९९० पासून ऐकतोय. ऐरोलीला आमच्या घरी तीन डॅक होऊन गेले आणि तिन्हींचा तंबोरा वेगळा वाजायचा. एकात जवारी काचेसारखी, एकात मऊ. एकेएम कंपनीची डॅक चिप असली की एक मखमल असते, ती ईएसएस कंपनीच्या चिपमध्ये नाही. जपानमध्ये नोबेओकाला ऑक्टोबर २०२० मध्ये एकेएमची फॅक्टरी जळाली, चिपा मिळेनाशा झाल्या, कंपन्यांना डिझाईन बदलावी लागली. तेव्हा जुने एकेएमवाले डॅक लोकांनी छातीशी धरून ठेवले होते ते काय वेडे म्हणून?

कोलशेतकर, घ्या बिनधास्त. कान आहेत ना तुम्हाला? मग मीटर कशाला?

नेरूळचा_निषाद
षड्जकाका, आगीची गोष्ट शंभर टक्के खरी. पण 'व्हेल्वेट साउंड' हे नाव एकेएमने स्वतःच आपल्या चिपांना जाहिरातीसाठी दिलंय, आधी मखमल शब्द वाचला आणि मग कानाला मखमल लागली असं तर नाही ना झालं? :) चिप हा डॅकमधला छोटा भाग. तिच्या पुढचं ॲनालॉग सर्किट, पॉवर सप्लाय, आउटपुटला किती व्होल्ट निघतात, यानेच फरक पडला तर पडतो.

आणि दुकानातल्या पडद्याबद्दल. बाहेरचे बहुतेक डॅक २ व्होल्ट काढतात. छोट्या डब्यांची पिन बऱ्याचदा त्याच्या निम्मं. निम्मं व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबलचा फरक, आणि जे जोरात वाजतं ते माणसाला चांगलं वाटतं, सगळ्यांनाच, मलापण. दुकानदाराने ॲम्पचा नॉब न हलवता इनपुट बदललं असणार. मुद्दाम केलं म्हणत नाही, त्यालाही कदाचित माहीत नसेल.

सूरपारंबी
चोंदलेल्या आवाजाबद्दल विचारते. कोलशेतकर, तुम्ही गाणं डबीवर पाठवता कसं, ब्लूटूथने की वायफायने? माझ्या सासऱ्यांचं हेच झालं होतं. सहा महिने ते ब्लूटूथवर ऐकत होते, म्हणजे ॲपमधून आधीच दाबून आलेलं गाणं फोन परत दाबून पाठवतो. वायफायवरून त्या डबीच्या नावावर टाकलं की डबी स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढते, फोन नुसता रिमोट. शिवाय ॲपमध्ये क्वालिटी ऑटोमॅटिकवर असते ती बघा. ॲपल म्युझिकवर तर २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे दाबताना काही न गमावलेलं गाणं, आहे, जास्तीचे पैसेही नाहीत, पण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि निम्म्या लोकांनी ते केलेलंच नसतं.

कोलशेतकर
सूरपारंबीताई, ब्लूटूथ!!! आत्ताच बघितलं. लाज वाटतेय लिहायला. वायफाय सेट करताना पासवर्ड दोनदा चुकला तेव्हा कंटाळून ब्लूटूथ लावलं होतं ते तसंच राहिलं.

निषाद, खोली दहा बाय बारा. स्पीकर शोकेसच्या खालच्या कप्प्यात, डावा एकदम भिंतीच्या कोपऱ्यात, उजव्याच्या बाजूला गणपती. त्यामुळे हलवायला जागा नाही.

सिडको_बी१०
भाऊ, स्पीकर कप्प्यात घातल्यावर आवाज चोंदणार नाही तर काय होणार, ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, तुमच्या गुडघ्याशी बोलतोय. डॅक सोडा, आधी दोन स्टुलं घ्या.

नेरूळचा_निषाद
+१. ट्वीटर कानाच्या उंचीला पाहिजे. आणि बारा फुटाच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो, दहा फुटात ५६ च्या, शिवाय त्यांच्या दुपटीला, तिथेच तुमचा डग्गा बसलाय. कोपऱ्यातला स्पीकर हे आणखी फुगवतो. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या, निम्मा त्रास तिथेच जाईल. उरलेला डबीच्या ॲपमध्ये इक्वलायझर असेल तर त्या दोन जागा ३-४ डेसिबलने खाली ओढून बघा. उद्या चाळीस हजाराचा डॅक आणलात तरी तो ४७ हर्ट्झचा सूर इमानदारीने ४७ चाच देणार आणि खोली तो घुमवणारच.

ऐरोली_क्रीक
एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे एव्ही रिसिव्हर आहे, म्हणजे सिनेमासाठीचा ॲम्प, पाच स्पीकरवाला. मी हौसेने डॅक घेतला, रिसिव्हरच्या ॲनालॉग इनपुटला लावला, महिनाभर खूश होतो, मग कळलं की बहुतेक रिसिव्हर ॲनालॉग आत आला की त्याला परत डिजिटल करतात, आपली प्रोसेसिंग करतात, आणि शेवटी स्वतःच्या डॅकने बाहेर काढतात. डायरेक्ट मोड लावला तरच ती फेरी टळते. म्हणजे माझा महागडा डॅक काय करत होता, तर शुद्ध तूप काढून डालड्यात कालवत होता. ज्यांच्या ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेल्या) स्पीकरला मागे ऑप्टिकलचं, म्हणजे उजेडाने आवाज नेणाऱ्या केबलचं, भोक आहे त्यांनीपण आधी सरळ ऑप्टिकल लावून बघा, आत डॅक फुकटात बसलाय.

तारांबळ
डालडा वाचून फुटलो. अवांतर: गूगलची स्ट्रीमर डबी, क्रोमकास्ट ऑडिओ, अजून कुणी वापरतं का? २०१५ ला आला, २०१९ ला बंद केला, माझा अजून ठणठणीत आहे. त्याच्या एकाच भोकातून साधा आवाजपण निघतो आणि ऑप्टिकलपण, २४ बिट ९६ पर्यंत. असली सोय परत कुणी नाही केली.

खर्जातला_षड्ज
सगळे इंजिनिअर जमलेत. म्हणजे हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त बिट आणि नमुन्यांचं रेकॉर्डिंग), डॅक, सगळं थोतांड, असंच ना?

नेरूळचा_निषाद
थोतांड कोण म्हणालं. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. हाय-रेझ डिस्क वाजवायची आणि मध्येच कळू न देता १६ बिट ४४.१ च्या गाळणीतून काढायची. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

खर्जातला_षड्ज
आणि २०१६ ला रीस यांनी त्याच जर्नलमध्ये अठराएक प्रयोग एकत्र करून दाखवलं की ५२.३ टक्के वेळा लोकांनी बरोबर ओळखलं, आणि ज्यांना आधी कान तयार करून दिले होते त्यांना बरंच जास्त. ते का नाही सांगितलंत? अर्धा ग्लास स्वतःच्या सोयीने भरायचा.

नेरूळचा_निषाद
मान्य, सांगायला हवं होतं. पण काका, ते दोन्ही रेकॉर्डिंगच्या फॉरमॅटबद्दल आहे, दोन डॅकबद्दल नाही. असं करू, रविवारी माझ्याकडे या. तुमचा डॅक घेऊन या, कोलशेतकर डबी आणतील, बघून घेऊ. तोंडाने भांडण्यापेक्षा बरं.

कोलशेतकर
मी तयार. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने सरळ नेरूळ. वायरपण आणतो.

सूरपारंबी
वृत्तांत लिहा नक्की!! मला ठाण्यात रियाजाचा क्लास आहे नाहीतर आले असते.

कोलशेतकर
वृत्तांत लिहितो, मोठा आहे.

निषादांच्या घरी संकष्टी होती त्यामुळे साबुदाण्याची खिचडी. षड्जकाका आपला डॅक टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले होते, तान्हं बाळ आणावं तसा. माझ्या डबीचे दोन्ही आउट एकदम चालू राहतात, म्हणून एक वायर सरळ ॲम्पला, आणि ऑप्टिकल काकांच्या डॅकमधून ॲम्पच्या दुसऱ्या इनपुटला.

पहिली फेरी निषादांनी काही न मोजता घेतली. वहिनी ॲम्पपाशी पडद्यामागे बसल्या, नाणं उडवायच्या, छापा आला की डबी, काटा आला की डॅक, आणि वहीत लिहायच्या. आम्ही सोफ्यावर पाठ करून. १२ वेळा. काकांना १२ पैकी १२. मला ११. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता, खिचडीवर आणखी दाणे मागून घेतले.

मग निषादांनी मल्टिमीटर काढला. स्पीकरच्या मागच्या स्क्रूला लावला आणि १०० हर्ट्झचा टोन वाजवला. (साधा मीटर १००० हर्ट्झला गंडतो म्हणे, खालच्या टोनला बरोबर दाखवतो, म्हणून १००.) डबीवर १.०२, डॅकवर २.०४. बरोब्बर दुप्पट! काका म्हणाले, मग आमचा डॅक ताकदवान आहे, त्यात काय वाईट? निषाद म्हणाले वाईट काहीच नाही, पण ॲम्पचा नॉब थोडा वळवला की तुमच्या डबीलापण ती ताकद येते, फुकट. मग काकांच्या डॅकच्या रिमोटने थोडं-थोडं खाली आणत १.०४ वर थांबवलं. म्हणजे ०.२ डेसिबलच्याही आत.

दुसरी फेरी. तेच गाणं नको म्हणून काकांनी स्वतः निवडलं, तंबोरा आणि बाईंचा आलाप, एकदम स्वच्छ रेकॉर्डिंग. वहिनींचं नाणं. खोलीत इतकी शांतता की खाली वॉचमनचा रेडिओ ऐकू येत होता. तिसऱ्या वेळेनंतर मला कळेचना मी काय ऐकतोय. एकदा वाटायचं जवारी इकडे जास्त, परत वाटायचं नाही तिकडे. शेवटी हात वर करून सांगत होतो नुसतं. निकाल: मी १२ पैकी ५, निषाद ६, काका ७.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, सात म्हणजे निम्म्याहून जास्त. खरंय तेही.

खर्जातला_षड्ज
वृत्तांत बरोबर आहे, एक गोष्ट सोडून. दाणे मी मागितले नव्हते, वहिनींनी घातले.

बाकी मी डॅक विकणार नाही. माझ्याकडे सीडी प्लेअर, टीव्ही, कॉम्प्युटर असं तिन्ही त्याला लागतं, रिमोटवर व्हॉल्यूम होतो, ३०० ओहमचे हेडफोन त्याच्यावर चालतात जे त्या डबीवर कण्हतात. आणि मला तो आवडतो. एवढं कारण पुरे आहे असं वाटतं.

नेरूळचा_निषाद
काका, हेच तर म्हणतोय. हेडफोन, जास्त इनपुट, रिमोट, ही डॅक घ्यायची कारणं आहेत. आणखी एक राहिलं, ज्यांचा स्ट्रीमर म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर आहे आणि ते त्याच्या हेडफोनच्या भोकातून ऐकतायत, त्यांनी मात्र डोळे झाकून डॅक घ्यावा. ते भोक मुळात कामचलाऊ आहे, खऱ्या डॅकने नाही तर पल्स कमीजास्त करून आवाज काढतं, शांत जागी खरखर ऐकू येते. पाय ५ ला तर ते भोकच नाही.

सिडको_बी१०
आणि हंऽऽऽ चं काय झालं? तिसरा त्रास विसरले सगळे. कोलशेतकर, नेरूळला हं ऐकू आला का?

कोलशेतकर
नाही! तिथे नव्हता. घरी मात्र आहे. स्टुलं आणली, स्पीकर पुढे घेतले, गणपती टीव्हीच्या वर गेला, डग्गा जागेवर आला, वायफायने आवाज मोकळा झाला. पण हं तस्साच. डबी काढून ठेवली तरी येतो.

सिडको_बी१०
मग डबीचा दोषच नाही. टीव्हीची वायर ॲम्पमधून काढा आणि ऐका. हं गेला की वायर परत लावा आणि सेटटॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर काढा.

कोलशेतकर
केबलवाल्याची वायर काढली की हं गायब. म्हणजे??

सिडको_बी१०
ग्राउंड लूप. तुमच्या ॲम्पला तीन पिनी प्लग, त्याचं अर्थिंग घरातलं. केबलवाल्याच्या वायरीचं अर्थिंग गच्चीवरून कुठूनतरी आलेलं. दोन्ही जमिनी टीव्हीच्या आवाजाच्या वायरीतून भेटतात आणि ५० हर्ट्झ गायला लागतात. आमच्या वाशीच्या सिडको बिल्डिंगमध्ये निम्म्या घरात हा राग चालू असतो. ॲम्पची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसून मराल.

उपाय म्हणजे टीव्हीपासून ॲम्पपर्यंत तांब्याची वायर नकोच, ऑप्टिकल घ्या, त्यातून नुसता उजेड जातो, करंट जात नाही. तुमच्या जुन्या ॲम्पला ऑप्टिकल नसणार, म्हणून मध्ये सगळ्यात स्वस्तातला डॅक. हजार-बाराशेवाली काळी डबी, कुठेही मिळते.

तारांबळ
म्हणजे शेवटी डॅक घ्यायचाच 😂 धागा सार्थकी.

कोलशेतकर
घेतला. काळी डबी आली, ऑप्टिकल केबल सोबत. लावली. आवाज शून्य. टीव्हीच्या मागे लाल उजेड दिसतोय, केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही. परत पाठवू का?

सिडको_बी१०
केबलच्या टोकांना बारीक प्लास्टिकची टोपी असते. काढलीत का?

कोलशेतकर
...काढली. आता आवाज येतोय, पण नुसती खर्रर्र.

सिडको_बी१०
टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउट पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करा. सध्या डॉल्बी जात असेल, त्या गरीब डबीला ते कळत नाही.

कोलशेतकर
झालं!! पण हं परत आलाय. मी डबीला पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून दिलीय, एक प्लग वाचवायला.

सिडको_बी१०
अहो, उजेडाने तोडलेला लूप तुम्ही यूएसबीच्या वायरीने परत जोडलात की. मोबाईलचा जुना दोन पिनी चार्जर लावा.

कोलशेतकर
लावला. गेला. रात्री साडेबाराला आवाज बंद करून पाच मिनिटं नुसता बसलो होतो सोफ्यावर. आता फ्रिज ऐकू येतोय.

गीझर शनिवारी येतोय.